तेल संपेपर्यंत

धुकं इतकं दाट होतं की समोरचं टायरचं दुकान कुणी रातोरात उचलून नेल्यासारखं वाटत होतं. ठोकळ्यानं चाचपडत संघटनेच्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी ढकलली, ओली हवा छातीत गेली तसा ठसका लागला आणि त्यानं धुक्याला एक शिवी हासडली. मग झाडू. झाडू झाला की ओलं फडकं. फडकं झालं की चहाचं पातेलं. आधी जमीन साफ, मग बाकीचं जग, हे त्याच्या अंगात हवाई दलानं मुरवलं होतं. धावपट्टीवर एक खडा राहिला तर तो इंजिनात ओढला जातो, आणि मग ज्याला संध्याकाळी घरी जायचं असतं तो जात नाही. आता इथं कुठलं आलंय इंजिन? एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या खुर्च्या, भिंतीवर विमानासमोर छाती काढून उभ्या राहिलेल्या पोरांचा फोटो, आणि कोपऱ्यात गळका माठ. तरी खडा दिसला की त्याची कंबर वाकायचीच, मग ती कितीही कुरकुरो.

त्याचं खरं नाव पेन्शनच्या कार्यालयाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचा तो ठोकळा. स्क्वाड्रनमध्ये असताना विमान उतरून जागेवर आलं की पंखाखाली वाकून धावायचं आणि चाकांच्या पुढंमागं लाकडी ठोकळे सारायचे, म्हणजे विमान हलत नाही. हे त्याचं काम. इंजिनांच्या आवाजानं त्याचा डावा कान कायमचा बसला. पुढं तो बढतीनं चार माणसांचा मुकादम झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. "चेहऱ्यावरनं पडलंय ते नाव, कामावरनं नाही," असं खरखर म्हणायचा. खरखर म्हणजे स्क्वाड्रनचा वायरलेसवाला. त्याचा घसा असा होता की तो समोर बसून बोलला तरी लांबून बोलतोय असं वाटे.

स्क्वाड्रन मोडून कैक वर्षं झाली होती. विमानं भंगारात गेली, हँगरमध्ये कुणीतरी बटाटे साठवले. माणसं उरली, तीही आता बहुतेक एकेकटी. त्यांची संघटना म्हणजे आधी वर्षातून एकदा जेवण आणि भाषणं, एवढंच होतं. मग स्क्वाड्रनचा आचारी गेला. एकटा राहत होता. गेला ते कुणाला कळलंच नाही, शेजाऱ्यांना वास आला तेव्हा कळलं. सगळ्या स्क्वाड्रनला ज्यानं जेवू घातलं, त्याला कुणी हाक मारायला नव्हतं. त्या दिवसानंतर ठोकळ्यानं प्लायवूडची एक पाटी केली. डाव्या बाजूला लिहिलं 'हवेत', उजव्या बाजूला 'उतरले'. प्रत्येकाच्या नावाचा ॲल्युमिनियमचा बिल्ला कापला, वर भोक पाडलं. रोज आठच्या आत प्रत्येकानं संघटनेच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि बंद करायचं. रिंग आली की ठोकळा नंबर बघतो आणि बिल्ला डावीकडून उजवीकडं टांगतो.

बोलायचं नाही, हा नियम मात्र बगळासाहेबांचा, स्क्वाड्रनच्या जुन्या पायलटचा. पहिल्या आठवड्यात एकेक जण रिंग द्यायच्या ऐवजी गुडघे, गॅस आणि सुनेची वागणूक सांगत बसला, बाकीच्यांना फोन लागेना. साहेब भडकले. "विमान उतरल्यावर पायलट काय कॉकपिटमध्ये बसून गप्पा मारतो? उतरलास, संपलं. एक रिंग. सकाळच्या फोनवर जो बोलेल त्याला मी बघतो." उंच, बारीक, लांब मानेचे साहेब. निवृत्त होऊन म्हातारे झाले तरी ते रागावले की सगळे सावधानमध्ये उभे राहायचे. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

त्या सकाळी चहाला उकळी येईपर्यंत बरेच बिल्ले उजवीकडं गेले. खरखर आला, मफलर सोडवत म्हणाला, "धुक्यात माझंच घर मला सापडत नव्हतं. उलटं चालत आलो असतो तर परत अंथरुणात गेलो असतो." ठोकळा हसला नाही. तो पाटीकडं बघत होता. डावीकडं एकच बिल्ला लोंबत होता.

"बगळा?" खरखरनं विचारलं.

"अजून वेळ आहे," ठोकळा म्हणाला.

वेळ होती ती पाचेक मिनिटंच. ती संपली. घड्याळ आठच्या पुढं सरकलं. फोन टेबलावर गप पडून होता. ठोकळ्यानं तो उचलून उजव्या कानाला लावला, चालू आहे ना बघितलं, परत ठेवला.

"लाव ना तूच एक," खरखर म्हणाला.

"तेलाची वेळ होऊ दे."

ही तेलाची वेळ म्हणजे स्क्वाड्रनची जुनी रीत. विमान यायला उशीर झाला तर त्याच्या टाकीतलं तेल जितका वेळ पुरेल तितका वेळ कुणी काही बोलायचं नाही. नाव काढायचं नाही, घरी निरोप धाडायचा नाही, घड्याळाकडं सारखं बघायचंसुद्धा नाही. टाकीत तेल आहे तोवर माणूस हवेत आहे. तेल संपल्यावर मग धावपळ. संघटनेनं तीच रीत उचलली होती. रिंग आठपर्यंत आली नाही तर नऊपर्यंत थांबायचं. माणूस झोपला असेल, अंघोळीला गेला असेल, फोन चार्ज करायला विसरला असेल. नऊ म्हणजे तेल संपलं.

ठोकळ्याचा या रीतीवर जीव होता, आणि त्याला कारणही साहेबच. तो तरणा असताना एकदा अशाच धुक्यात साहेबांचं विमान परत आलं नव्हतं. बरोबरची दोन उतरली होती. अधिकारी आत निघून गेले, कुणी दिवा मालवला, खरखरनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. ठोकळा दोन्ही हातांत ठोकळे धरून तिथंच उभा. मुकादम म्हणाला, चल आत. हा म्हणाला, तेल आहे अजून. आणि वेळ संपता संपता धुक्यातून ते विमान असं आलं की जणू कुणी वरून हातानं ठेवलं. साहेब खाली उतरले, कपाळावरचा घाम पुसला, म्हणाले, "सगळे पळाले. तू कसा काय राहिलास रे?" हा म्हणाला, "वेळ होती साहेब." तेव्हापासूनची ती दोघांची गाठ.

पण आज त्याला थांबायला लावणारी गोष्ट दुसरी होती, आणि ती त्याला आतून कुरतडत होती.

साहेबांची बायको गेल्यावर त्यांची मुलगी त्यांना आपल्या गावी न्यायला आली होती. साहेब हलेनात. तिसरा मजला, जिना अरुंद, साखरेचा आजार, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी हलेनात. शेवटी मुलगी ठोकळ्याकडं आली. याच खोलीत, त्या पाटीसमोर उभी राहून म्हणाली, "काका, तुमच्या या रिंगेच्या भरवशावर ठेवून जातेय. एक सकाळ जरी चुकली तर मला लगेच फोन. शब्द द्या." त्यानं दिला. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी रिंग आली नाही, तेव्हा त्यानं शब्द पाळला. तेलाचीही वाट बघितली नाही. मुलीला फोन केला, धावत जिना चढला, दार ठोकलं. साहेब अंगाला साबण लावून टॉवेल गुंडाळून बाहेर आले. सगळा जिना बघायला गोळा झालेला. "मी मेलो का रे? मेलो का?" साहेब ओरडले. पण खरा घोळ नंतर झाला. मुलगी घाबरली, सुट्टी काढून आली, बॅगा भरायला लागली. साहेबांनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. जाताना ती म्हणाली, "पुढच्या वेळेला ऐकणार नाही हां पप्पा. सरळ गाडीत घालीन."

तेव्हा आज मुलीला फोन लावला की साहेब तिच्या गावी गेले. कायमचे. इथं सकाळी बुद्धिबळाचा पट कोण मांडणार? ठोकळ्याला बुद्धिबळ येत नव्हतंच. साहेब दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि हा चहा देत बसायचा. पण तेवढंच तर होतं.

आणि फोन नाही केला, तर?

"अंघोळीला असतील," तो मोठ्यानं म्हणाला.

"असतील," खरखर म्हणाला. मग थोड्या वेळानं, "या थंडीत इतका वेळ?"

"तू गप बैस."

खरखर गप बसला. त्याच्या गप बसण्यातसुद्धा घशातून बारीक आवाज येत राहिला. ठोकळ्यानं चहा गाळला, कपात ओतला आणि प्यायला विसरला. फडकं घेऊन पुसलेलीच खिडकी परत पुसली. मनाशी तो साहेबांचा सगळा जिना चढून आला, दार उघडून आला, साहेब खुर्चीत पेपर वाचत बसलेले बघून आला, "फोनची बॅटरी गेली रे" असं त्यांच्या तोंडून ऐकून आला. मग तोच जिना परत चढला आणि या वेळी दार उघडल्यावर काय दिसलं ते त्याला बघवेना.

शेवटी त्यानं साहेबांना एक फोन लावला. दोन रिंगा गेल्या असतील, मध्येच तोडला गेला.

"कापला!" ठोकळ्याचा आवाज चढला. "बघ, कापला त्यांनी! म्हणजे हात चालतोय. रागावलेत. म्हटलं नव्हतं?"

"मग आता रिंग द्यायला काय झालंय त्यांना?" खरखर म्हणाला.

कापला म्हणजे जिवंत, एवढं ठोकळ्यानं घट्ट धरलं. धरलं खरं, पण आधीपेक्षा जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं.

तेवढ्यात त्याची बायको आली, डोक्याला शाल, हातात त्याचा चष्मा. "हा घरी ठेवून आलात आणि इथं नंबर काय वासावरनं ओळखता का?" असं म्हणत तिनं चष्मा टेबलावर ठेवला, आणि मग तिचं लक्ष पाटीकडं गेलं. मग घड्याळाकडं. मग नवऱ्याकडं.

"भावजी राहिलेत?"

"तेलाची वेळ आहे अजून."

"कसलं तेल?"

"अगं, नऊपर्यंत थांबायचं असतं. रीत आहे."

"माणसाच्या पोटात तेल असतं होय?" ती म्हणाली. "सत्तरी उलटलेलं माणूस, त्या बाथरूमच्या फरशीवर मीच दोनदा घसरता घसरता वाचलेय, आणि तुम्ही दोघं इथं टाकी मोजत बसलाय?"

"कापला त्यांनी फोन," ठोकळा म्हणाला. "म्हणजे बरे आहेत."

"बरं माणूस बोलतं. जे बोलत नाही ते बरं नसतं. संसार केलाय मी तुमच्याशी, मला कळतं." तिनं शाल घट्ट केली. "बसा तुम्ही. मी निघाले."

"अगं थांब, मागच्या वेळेसारखं—"

पण ती धुक्यात शिरलीसुद्धा. खरखरनं मफलर उचलला. ठोकळा क्षणभर तसाच उभा राहिला. घड्याळात वेळ शिल्लक होती. सबंध आयुष्यात त्यानं ती रीत फक्त एकदाच मोडली होती, आणि तेव्हा तोंडघशी पडला होता. मग त्यानं चष्मा खिशात कोंबला, खोली उघडीच टाकली आणि तिच्या मागं पळत सुटला.

साहेबांच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडं असे, पण दाराला आतून कडी होती. बायको दारावर थापा मारत होती, "भावजी! अहो भावजी!" ठोकळ्यानं उजवा कान दाराला लावला. आत काहीतरी होतं. आवाज म्हणावा असं नाही. कापड फरशीवर ओढल्यासारखं. खरखर तेवढ्यात तळमजल्यावरच्या सुताराला घेऊन आला. सुतारानं दार खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "फोडू? नंतर मला बोलू नका." "फोड!" तिघंही एकदम ओरडले. पटाशी घालून त्यानं चौकटीपासून कडीच सुटी केली.

साहेब बाथरूम आणि पलंगाच्या मधल्या फरशीवर आडवे होते. एक पाय विचित्र वळलेला. पलंगावरची चादर त्यांनी कशीबशी ओढून छातीपर्यंत घेतली होती. ओठ निळसर पडलेले, दाढीचे खुंट पांढरे, डोळे मात्र उघडे, आणि ते दारात उभ्या असलेल्या ठोकळ्यावर.

"वेळेच्या आधी आलास," साहेब म्हणाले. दात वाजत होते.

ठोकळा त्यांच्याशेजारी फरशीवर बसला. त्यानं साहेबांचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा होता. त्या हातात मोबाइल होता.

बायकोनं पलंगावरची रजई ओढून साहेबांवर घातली आणि मग तिलाही तो फोन दिसला. "हातात फोन आहे की! अहो भावजी, हातात फोन असून तुम्ही असे पडून राहिलात?"

"रिंग कशी देणार?" साहेब म्हणाले. एकेक शब्द लांबून आल्यासारखा. "रिंग दिली असती, तर यानं मला... उतरवला असता. आणि बसला असता चहा पीत. न देणं हाच इशारा ना."

"आणि मी केलेला फोन?" ठोकळ्यानं विचारलं.

"तोही कापला. उचलला असता तर तुला वाटलं असतं... बरा आहे."

"मग बोलायचं ना!" बायको जवळजवळ किंचाळली. "उचलायचा आणि बोलायचं, पडलोय, या म्हणून! चार शब्द!"

साहेबांनी ठोकळ्याकडं बघितलं. ठोकळ्यानं साहेबांकडं. शाळेत एकाच वेळी पकडलेल्या दोन पोरांसारखे ते एकमेकांकडं बघत राहिले.

"सकाळच्या फोनवर बोलत नाहीत," साहेब शेवटी म्हणाले. "नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच."

"वाटोळं होवो त्या नियमाचं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच ती साहेबांचे तळपाय चोळायला लागली.

खरखरनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता त्याला तीनदा सांगावा लागला, पलीकडच्या माणसाला वाटत होतं लाइनच खराब आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत साहेबांनी ठोकळ्याचं मनगट सोडलं नाही. मग त्याला खाली वाकायची खूण केली, आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "पोरीला सांग, आत्ताच घसरलो. तुम्ही लगेच आलात. काय? लगेच. ठोकळ्या, तिथं नको रे मला. तिच्याकडं सगळे कामाला जातात. दिवसभर भिंती."

ठोकळ्यानं मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

खुबा मोडला होता. इस्पितळातली डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला सरळ होती. "ऑपरेशन उद्या. हाड जोडता येईल. मला काळजी छातीची आहे. थंड फरशीवर किती वेळ पडून होते?"

"पहाटे उठले तेव्हा पडले म्हणतात," बायको म्हणाली.

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

ठोकळा भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होता. डॉक्टरीण उत्तराची वाट बघून आत निघून गेली.

मुलीला फोन त्यानंच केला होता, पण नुसतं "पडलेत, दवाखान्यात आणलंय, ये," एवढंच. ती दुपारी पोचली, केस विस्कटलेले, एका पायातला मोजा उलटा. आधी वडिलांना बघून आली. मग बाहेर बाकावर ठोकळ्याशेजारी बसली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"पप्पा म्हणतात, पडले आणि तुम्ही लगेच आलात."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला खरखर होता. तो एकदम बूट बघायला लागला. बायको पाण्याची बाटली धरून उभी होती. हे त्याचं त्यानंच करायचं होतं. आणि हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द. साहेब महिन्यादोन महिन्यांत काठी टेकत परत त्या जिन्यावर. पट मांडलेला. आणि पुढच्या सकाळी जेव्हा रिंग येणार नाही, तेव्हा?

"लगेच नाही आलो," तो म्हणाला. "आठला रिंग आली नाही. थांबलो. ही आली म्हणून निघालो, नाहीतर नऊपर्यंत थांबणार होतो."

"तुम्ही शब्द दिला होता, काका."

"दिला होता."

"मग मला फोन का नाही केलात? आठलाच?"

ठोकळ्यानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "तू त्यांना नेलं असतंस."

मधून एक ढकलगाडी गेली, तिचं एक चाक सतत किरकिरत होतं. मग मुलगी उठली. "नेणारच आहे," म्हणाली. "बरे झाले की." आणि झपझप आत निघून गेली.

"खरं बोललात," बायको म्हणाली. त्यात कौतुक होतं की नुसती नोंद, ते सांगणं कठीण. तिनं बाटली त्याच्या हातात दिली. "प्या. सकाळपासनं काही गेलं नाही पोटात."

खरखरनं घसा साफ केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला. "उद्याचं काय करायचं? पाटीचं?"

"आठ वाजले की निघायचं," ठोकळा म्हणाला. "वाट नाही बघायची."

"आणि फोनवर?"

"बोलायचं. प्रत्येकानं. नुसती रिंग आली तर मी उतरवणार नाही कुणाला."

"बगळा ऐकेल?"

तेवढ्यात आतून परिचारिका आली आणि विचारायला लागली, "ठोकळा कोण? म्हातारे तेच घोकतायत."

साहेब उशीवर लांब मान टेकून पडले होते. नाकात नळी. ठोकळा पायाशी जाऊन उभा राहिला, अगदी सरळ.

"सांगितलंस."

"हो साहेब."

साहेबांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. छातीतून बारीक घरघर येत होती आणि ठोकळा तिच्यावर कान ठेवून होता. प्रत्येक श्वास आत गेला की तो बाहेर येईपर्यंत याचाही अडकून राही.

"तिच्याकडं लिफ्ट आहे," साहेब म्हणाले. "मला लिफ्टमध्ये भीती वाटते. कुणाला सांगू नकोस." आणि तोंड न फिरवताच, "उद्या झोपेचं औषध देणार म्हणे. उठलो नाही तर?"

"उठाल."

"तुला काय ठाऊक?"

"मला काही ठाऊक नाही, साहेब," ठोकळा म्हणाला.

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. राग उतरला होता की तसाच होता, ते ठोकळ्याला त्या चेहऱ्यावरून लागेना. "जा आता," ते म्हणाले. "पोरीला पाठव. तिनं काही खाल्लं का विचार."

संध्याकाळी तो आणि बायको चालत घरी आले. दर चार पावलांनी तो खिशातला मोबाइल काढून बघायचा, मुलीचा काही निरोप आहे का, नव्हता. ऑपरेशन सकाळी, छातीचं काय ते रात्रीत कळेल, असं डॉक्टरीण म्हणाली होती. घरात शिरल्यावर तो दिवा न लावताच खुर्चीत टेकला. मोबाइल गुडघ्यावर ठेवला. डोळ्यांसमोर ती फरशी येत होती, आणि तिच्यावर ओढत गेलेली चादर. संघटनेच्या खोलीत तो खिडकी पुसत होता, तेव्हा ती चादर कुठवर आली असेल?

मोरीत नळ फुसफुसला, खाकरला, आणि धार पडायला लागली.

"पाणी आलं हो!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "मोठी बादली आधी लावा. आणि पिंप धुवून घ्या, काल तळाला गाळ होता."

त्यानं मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात, उजव्या कानाला ऐकू येईल असा ठेवला. मग बाह्या सारल्या, पिंप आडवं केलं, आणि तळापर्यंत हात घालून घासायला बसला.